पाचव्या टप्प्यावरची खूण

अल-खोबर
शुक्रवार, १५ नोव्हेंबर २०२४

स्मृती,

सुरुवातीला काय लिहायचं ते ठरेना, म्हणून थेट कामाचं लिहितो. विमानतळावर निघताना तू माझ्या हातात दिलेली आईची पिशवी मी तशीच सामानात टाकून आणली होती, ती काल उघडली. तीन आठवडे ती कपाटावर होती.

फोनवर बोलता आलं असतं, पण आपल्या फोनचं काय होतं ते तुला माहीत आहे. मागच्या शुक्रवारी अकरा मिनिटं फोन चालू होता. त्यात दोन मिनिटं बोलणं आणि उरलेला वेळ तुझ्याकडचा पाऊस. तू रियाधची नोकरी सोडून वेल्सला गेलीस त्याला दोन वर्षं झाली. तेव्हापासून आपण जे काही बोललो ते आईच्या तोंडून. "बाबा विचारतायत, जेवलीस का." "सांग त्यांना, जेवले." फोन तिच्या हातात आणि मी सोफ्यावर. आता मधलं माणूस नाही. म्हणून ईमेलने का होईना, पत्र लिहितो आहे.

रियाधच्या ओलाया भागातलं चांगलं ऑफिस सोडून लोकांना डोंगरातले दगड दाखवायला चाललीस, असं मी तेव्हा म्हणालो होतो. ते मी अजून मागे घेतलेलं नाही. पण आजचा विषय तो नाही.

पिशवीत काय निघालं ते लिहितो. चिखलाने भरलेले बूट. सुती ओढणी. खजुराचा डबा, त्यात नऊ खजूर. एक पेन्सिल. लिटरच्या तीन पाण्याच्या बाटल्या, एक रिकामी, दोन भरलेल्या. आणि प्लास्टिकच्या पाकिटात तू लिहिलेलं पत्रक, वाट क्रमांक चार. फोन नाही.

बाटल्या तीन का? साडेसहा किलोमीटर चालायला, तेही थंडीच्या देशात, एका बाईला तीन बाटल्या लागत नाहीत. तिच्याबरोबर आणखी कोणी होतं का? ती एकटीच गेली होती असं तू पोलिसांना सांगितलंस आणि मलाही. मी ऐकून घेतलं, कारण त्या दिवसांत मी सगळंच ऐकून घेत होतो.

दुसरं. तुझ्या घरात दाराच्या मागे खुंटीला नारिंगी जॅकेट होतं. आईच्या मापाचं. नवीन, आत किमतीची चिठ्ठी तशीच. तू तिच्यासाठी आणलंस म्हणालीस. मग ते खुंटीवर कसं राहिलं?

तिसरं जास्त महत्त्वाचं आहे. पत्रक मी दोनदा वाचलं. वाटेचे सात टप्पे तू लिहिले आहेस. एक गावातला पूल. दोन, जुनी ट्रामची वाट, घोडे जिथून चुनखडीच्या गाड्या ओढत न्यायचे. तीन, रूळ बसवायला भोकं पाडलेले दगडी ठोकळे. चार, पडकं प्रार्थनाघर. पाच, डोंगराच्या माथ्यावरचा दगडांचा ढीग. मग सहा आणि सात उताराचे. प्रत्येक टप्प्यापुढे आईने पेन्सिलीने बरोबरची खूण केली आहे. पाचव्यापर्यंत. आणि चौथ्या टप्प्याखाली तूच ठळक अक्षरात लिहिलं आहेस की धुकं किंवा खाली उतरलेले ढग असतील तर इथूनच मागे फिरा.

तुझी आई लिहिलेलं पाळणारी बाई होती. औषधाच्या बाटलीवर 'हलवून घ्या' असेल तर ती मोजून दहा वेळा हलवायची. ती स्वतःहून चौथ्या टप्प्यापुढे जाणार नाही. तिला कोणीतरी पुढे नेलं. कोणी?

माझं त्या दिवशी तिच्याशी बोलणं झालं नव्हतं. शनिवारची सुट्टी असूनही प्लांटच्या शटडाऊनच्या कामासाठी मी साइटवर होतो. नाहीतर मलाच काही कळलं असतं.

उत्तर सविस्तर दे.

बाबा


अल-खोबर
शुक्रवार, २९ नोव्हेंबर २०२४

स्मृती,

तुझं उत्तर मिळालं. सविस्तर मागितलं होतं, तू चौदा ओळी पाठवल्यास.

तू म्हणतेस, शनिवारी तू शेजारच्या खोऱ्यात होतीस, वीस लोकांना जुनी लोखंडाची भट्टी दाखवत. मान्य. ते कोणालाही विचारून कळेल. आईला तू कालव्याकाठच्या सपाट वाटेने जा म्हणून सांगितलं होतंस आणि चार क्रमांकाचं पत्रक तिने फळीवरून स्वतः उचललं. ते तू गेल्यावर घडलं, म्हणजे याला साक्षीदार कोणी नाही. जॅकेटबद्दल तू लिहितेस की आदल्या संध्याकाळी तू ते तिच्या अंगावर चढवलंस, तर ती आरशासमोर उभी राहून म्हणाली, "अगं, मी काय हिमालयात चाललेय? यात मी गॅसच्या सिलिंडरसारखी दिसते." हे वाक्य तिचंच आहे, त्यात शंका नाही. पण म्हणून तू जॅकेट खुंटीला लावून मोकळी झालीस? पावसाच्या देशात पहिल्यांदा आलेल्या माणसाला?

तिसऱ्या बाटलीबद्दल फक्त "तिन्ही बाटल्या आईनेच भरल्या, मी पाहिलं" एवढंच. हे उत्तर नाही.

पत्रकाबद्दल. तुझं लिखाण मी माझ्या कामाच्या नजरेने तपासलं. मी बत्तीस वर्षं पाइपांची तपासणी करतो. कागदावर बारा मिलिमीटर जाडी लिहिलेली असते आणि प्रत्यक्षात आतून गंजून चार उरलेली असते. कागद आणि वस्तू जुळतात का, एवढंच मी बघत आलो. तुझ्या पत्रकात पाचव्या टप्प्याजवळच्या खाणीचा उल्लेख नाही. ज्या कड्यावरून ती पडली ती खाण कागदावर नाहीच. हे कसं?

आणि वेळेचं. तुझ्या म्हणण्याप्रमाणे ती दुपारी कधीतरी निघाली. मी सांगतो, तीन वाजायला दहा मिनिटं असताना ती चौथ्या टप्प्यावर, त्या पडक्या प्रार्थनाघराशी होती. तिथून माथा पाऊण तास. म्हणजे साडेतीनला ती वर होती आणि अंधार पडायला तीन तास होते. एवढ्या उजेडात वाट कशी चुकते?

शेवटचं फोनचं. पोलिसांनी फोन तुला दिला. काच तडकली आहे पण चालतो, हे तूच अंत्यविधीच्या दिवशी मला सांगितलंस. त्या शनिवारी संध्याकाळी मी तिला लिहिलं होतं, "पोचलीस का घरी?" त्यावर अजून एकच टिक आहे. फोन चालू करून नेटला जोडला असता तर दोन झाल्या असत्या. दीड महिना झाला. चालणारा फोन तू जोडत का नाहीस? त्यात असं काय आहे?

इथे हवा आता बरी आहे. कुंडीतला कढीपत्ता जगला आहे.

बाबा


अल-खोबर
शुक्रवार, १३ डिसेंबर २०२४

स्मृती,

तू या वेळी एकच ओळ पाठवलीस. "तीनला दहा कमी असताना आई कुठे होती, हे तुम्हाला कसं माहीत?"

विचारलंस ते बरोबर आहे. मीही विचारलं असतं.

आमचं बोलणं झालं होतं. पहिल्या पत्रात नाही म्हणून लिहिलं, ते कामाच्या गडबडीत लक्षात राहिलं नव्हतं. दोन-तीन मिनिटांचा फोन. इकडचं तिकडचं. ती कुठे आहे ते तिने सांगितलं, म्हणून मला वेळ माहीत. त्यापलीकडे काही नाही.

तिसऱ्या बाटलीचा मुद्दा मी मागे घेतो. त्याचं कारणही लिहितो, म्हणजे तुला वाटायला नको की मी फक्त तुझ्यावरच ठपका ठेवतो. परवा खालच्या मजल्यावरचे नसरुद्दीन जेवणाचा डबा घेऊन वर आले होते. त्यांच्या घरून हाजराभाभी आठवड्यातून दोनदा पाठवतात. त्यांनी ओट्यावर त्या दोन भरलेल्या बाटल्या बघितल्या. मी ओतून टाकल्या नव्हत्या. त्यांना मी बोलता बोलता विचारलं की एका बाईला तीन बाटल्या कशाला लागतील.

ते हसायलाच लागले. म्हणाले, "भाऊ, कमाल करताव! हा कायदा तुमचाच ना? आपण हुफूफच्या पुढे वाळूत गेलेलो, तेव्हा आमच्या हाशमला तुम्ही गाडीतून खाली उतरवलात. बाटल्या दोनच आणल्या म्हणून. पोर रडकुंडीला आला, बकाल्याच्या दुकानात जाऊन तिसरी घेऊन आला तेव्हा तुम्ही गाडी सुरू केलीत. वैनी तेव्हा काय म्हणाल्या आठवतं? 'माणशी तीन, नायतर हे मला पण इथंच सोडतील.'"

मला आठवलं. माणशी तीन बाटल्या, डोक्याला सुती कापड, खिशात खजूर. वीस वर्षं मीच तिला ते शिकवलं. ती वाळवंटाची तयारी करून तुझ्या डोंगरावर गेली होती. यात तुझा दोष नाही. एवढा मुद्दा बंद.

पण फोनचा मुद्दा बंद नाही. माझ्या प्रश्नाला तू प्रश्नाने उत्तर दिलंस आणि फोनबद्दल चकार शब्द काढला नाहीस. मी अशा माणसांबरोबर काम केलेलं आहे. साइटवर एखादा फोरमन सगळ्या लाइनी दाखवतो आणि एका वळणापाशी आला की चहाचं विचारतो. तेव्हा समजायचं की गळती तिथेच आहे. तू काहीतरी लपवते आहेस. तुम्ही भांडलात का त्या सकाळी? तिने तुला काही लिहून ठेवलं होतं का? तू तिला फोनवरून रागावून वर जायला सांगितलंस का? जे असेल ते मला कळलं पाहिजे. मी तिचा नवरा होतो, एकतीस वर्षं.

हे महिन्याअखेरपर्यंत झालं नाही तर तिथल्या पोलिसांना मी स्वतः लिहीन आणि फोन मागवून घेईन. मसुदा तयार आहे. तशी वेळ आणू नकोस. पण आली तर मी मागे हटणार नाही, आणि त्यानंतर आपलं जे काही उरलं आहे ते उरणार नाही, याची मला कल्पना आहे.

मार्चअखेर माझं काम संपतं. देश कायमचा सोडायचे, फायनल एक्झिटचे कागद सुरू केले आहेत. एकदा इथे राहायचा परवाना, इकामा, जमा केला की इथलं सगळं खलास. आईच्या अस्थी तुझ्याकडे आहेत. त्यांचं काय करायचं तेही मग ठरवू, कोणामार्फत तरी.

बाबा


अल-खोबर
शुक्रवार, ३ जानेवारी २०२५

स्मृती,

"पोलिसांना लिहा. मी फोन देणार नाही, आणि का ते सांगणारही नाही. जेवत जा." हे तुझं उत्तर मी वीस दिवस जवळ ठेवलं. महिनाअखेर उलटली. पोलिसांना पत्र पाठवलं नाही.

आज जे झालं ते लिहितो.

सकाळपासून खोबरवर ढग होते. या हंगामातले पहिले. दुपारची नमाज झाल्यावर इमारतीत जी धावपळ सुरू झाली ती तुझ्या लहानपणी व्हायची तशीच. जिन्यात पोरं, कोणाच्या हातात चटई, कोणाच्या हातात थर्मास. हाजराभाभी दारात उभ्या राहिल्या.

"भाऊजी, भाईर बघा तरी! काय ढग आलेत! नि तुम्ही दारं लावून बसलाव? चला, उठा."

मी म्हणालो, बरं वाटत नाही.

"बरं वाटत नाय म्हणूनच चला. असल्या हवेत घरात बसणारा माणूस मी तरी बघितला नाय. वैनी असत्या तर तुम्हाला ओढत नेलं असतं."

गेलो. कॉर्निशवर गाडी लावायला जागा नव्हती. सगळं गाव समुद्राकाठी. लोक आकाशाचे फोटो काढत होते. नसरुद्दीननी चटई पसरली. भाभींनी माझ्या हातात चहा दिला, वर बघितलं आणि म्हणाल्या, "ऊन असतं तर गोष्ट वेगळी. ढगात चालायला काय मजा येते!"

स्मृती, माझ्या हातातला कप खाली पडला. भाभींना वाटलं चटका बसला.

ते वाक्य माझं होतं. जवळजवळ शब्दाला शब्द.

आता खरं ते सगळं लिहितो. त्या शनिवारी मी साइटवर नव्हतो. घरी होतो, एसी लावून सोफ्यावर आडवा. बाहेर सदतीस डिग्री होतं. पाचला दहा कमी असताना आईचा फोन आला, म्हणजे तुमच्याकडे तीनला दहा कमी. दोन-तीन मिनिटं नव्हे, नऊ मिनिटं. फोनच्या यादीत आहे. ती त्या पडक्या प्रार्थनाघराशी होती. दम लागला होता पण आवाज खुशीत होता.

म्हणाली, "अहो, इथे ढग आलेत. सगळं पांढरं दिसायला लागलंय वर. परत फिरू का?"

मी म्हणालो, "ढग आलेत तर चांगलंच की. ऊन असतं तर गोष्ट वेगळी. अशी हवा इथे मिळत नाही. आता एवढी गेली आहेस तर जा वरपर्यंत."

ती म्हणाली, "पोरीने लिहिलंय, ढग असले तर मागे फिरा."

त्यावर मी काय म्हणालो ते लिहितो. मी म्हणालो, "ती काहीही लिहील. गोऱ्या लोकांना घाबरवायला लिहितात तसलं. ढगांना कोण भितं? जा तू."

ती हसली. म्हणाली, "तुम्ही म्हणताय तर जाते." आणि फोन ठेवला.

पस्तीस वर्षं मी या देशात आहे. इथे ढग म्हणजे सुट्टी. ढग आले की माणूस घराबाहेर पडतो. ढग खाली उतरून वाट पुसून टाकतात हे मला माहीत नव्हतं असं म्हणता येणार नाही, लहानपणी घाटात बघितलेलं आहे. पण त्या क्षणी ते डोक्यातच आलं नाही. आणि तुझं लिहिलेलं मी खोटं ठरवलं ते हवेमुळे नाही. ते तुझं होतं म्हणून.

तिला चौथ्या टप्प्यापुढे कोणी नेलं, हे मी तुला पहिल्याच पत्रात विचारलं होतं. उत्तर माझ्याकडे होतं. मी ते तुझ्याकडे शोधत होतो.

ती खाणही मी आज शोधली, तू अंत्यविधीनंतर दिलेल्या मोठ्या नकाशावर, जुनं भिंग लावून. पाचव्या टप्प्यापासून ती बरीच लांब आहे. तुझ्या वाटेवर ती नाही, ढगात वाट सुटली तरच माणूस तिथे पोचतो, म्हणून पत्रकात नाही. पत्रक बरोबर आहे.

एक उरतं. तू फोन का लपवतेस ते मला आता थोडंसं कळतं असं वाटतं. त्यात माझ्याबद्दलच काही आहे ना? असेल तर मला तुझ्याकडून ऐकायचं नाही. तू तो फोन फक्त नेटला जोड. मी इथे बसून आहे.

बाबा


अल-खोबर
शुक्रवार, १७ जानेवारी २०२५

स्मृती,

रविवारी कामावर असताना खिशात फोन वाजला. मी त्या वेळी मचाणावर होतो, पाइपवर मोजमापाचं यंत्र धरून. स्क्रीनवर आईचं नाव होतं. माझ्याबरोबरचा जयदीप म्हणून नवा इंजिनिअर आहे, तो म्हणाला, "सर, खाली उतरा आधी." त्याने म्हटलं ते बरं झालं.

माझ्या "पोचलीस का घरी?"वर दोन टिका आल्या. आणि खाली तिचा आवाज, सत्तेचाळीस सेकंद. तू तो ऐकला आहेस, तरी मी इथे उतरवून ठेवतो. माझ्या हाताने लिहिला गेला पाहिजे असं वाटतं.

"अहो, ऐकू येतंय का? वारा फार आहे. मी पोचले वर. दगडांचा ढीग आहे, पोरीने लिहिलाय तसाच. सगळं तपासत आलेय हो मी तुमच्यासारखं, पेन्सिल घेऊन. ठोकळ्यांना भोकं आहेत म्हणालीय, आहेत. सतरा मोजले. प्रार्थनाघराच्या दारावर बांधल्याचं साल आहे म्हणालीय, आहे. एक अक्षर चुकलेलं नाही तिचं. आता तरी बोला तिच्याशी. आणि तुमचे हे ढग! हे आपल्याकडच्यासारखे वर नसतात हो, अंगावर येऊन बसतात. माझा हात मला दिसेना. फिरते मी आता मागे. तुम्ही म्हणालात म्हणून आले हे स्मृतीला सांगू नका, ओरडेल ती मला."

एवढंच.

त्याबरोबर तू लिहिलंस तेही वाचलं. की बचाव पथकाच्या खोलीत, डोंगराच्या पायथ्याशी, जिथे रेंज नसते, तिथे तू फोन चालू केलास. या निरोपापुढे छोटं घड्याळ दिसलं, म्हणजे तो गेलेला नव्हता. तू ऐकलास आणि फोन विमानाच्या मोडवर टाकून मगच घरी आलीस. "तुम्ही म्हणालात म्हणून आले, हे वाक्य तुमच्यापर्यंत गेलं तर तुम्ही परत उठणार नाही असं वाटलं. आई गेलीच होती." असं तू लिहिलंस. तुझ्यावर मी दोन महिने नाही नाही ते आरोप करत होतो आणि तू एक ओळ पाठवून गप्प बसलीस. पोलिसांची धमकी दिली तेव्हाही.

माफी मागायची पद्धत मला नीट येत नाही. आईला विचारलं असतं तर तिने दोन वाक्यांत तुझ्यापर्यंत पोचवली असती. मी नुसतं लिहितो की माझं चुकलं. त्या दिवसाचं आणि नंतरचंही. आणि दोन वर्षांपूर्वीचं, दगड दाखवायला चाललीस ते. ते मी आता मागे घेतो. दगड कागदाशी जुळतात, हे माझ्यापेक्षा भरवशाच्या माणसाने तपासून कळवलं आहे.

मी तो निरोप रोज ऐकतो असं समजू नकोस. एकदा मचाणाखाली ऐकला, एकदा घरी. आणि आता लिहिण्यासाठी थांबवत थांबवत. तिने मला दोष दिलेला नाही, हे मला कळतं. त्याने काही कमी होत नाही. तेही कळतं. तू काळजी करू नकोस, मी जेवतो. हाजराभाभी डबा परत येताना उघडून बघतात.

त्या दोन बाटल्यांतलं पाणी मी काल कढीपत्त्याला घातलं. एवढ्या लांबून आलेलं पाणी, ओतून देववेना. झाड आता भाभींकडे जाईल.

कामाचं. इकामा तीस मार्चला जमा होईल. त्यानंतर नाशिकला जायचं तिकीट होतं, ते मी बदललं. तुझ्याकडे यायच्या व्हिसाचा अर्ज केला आहे. कामासाठी नव्हे, मुलीला भेटायला, असं कारण लिहिलं. तिथल्या माणसाने विचारलं, किती दिवस? मी म्हणालो, ते तिच्यावर आहे. तो म्हणाला, असं चालत नाही, आकडा सांगा. चाळीस लिहिलं. जास्त झाले तर सांग.

अस्थींचं तू ठरव. तुला जी नदी योग्य वाटेल ती.

आणि वाट क्रमांक चार. सहावा आणि सातवा टप्पा तपासायचा राहिला आहे. पत्रक मी जपून ठेवलं आहे, पेन्सिलही. हवामान तू बघ, दिवस तू ठरव, ढग असले तर तू म्हणशील तिथून मी मागे फिरेन. त्या दिवशी नाही जमलं तर दुसऱ्या दिवशी. मला घाई नाही.

पाण्याची बाटली मी एकच आणतो. खुंटीवरचं जॅकेट तसंच राहू दे, ते मला होणार नाही. मला एक्सएल लागतं. बाह्या थोड्या लांब बघ.

बाबा